बुंदेलखंडातील खेर घराणे : वंश आणि वसाहत

ज्ञातीच्या वार्षिक अंकात एखाद्या घराण्याची वंशावळ द्यावयाची म्हणजे मूळपुरुष वर, त्याखाली त्याचे पुत्र, त्यांखाली नातू, अशी उतरती शिडी मांडावयाची, ही आपल्याकडील रूढ पद्धत होय. कोकणात आपल्या मूळ गावी राहिलेल्या घराण्यांच्या बाबतीत ही शिडी बहुधा पक्की ठरते. वतन गावात, वतनाचे कागद गावात, कुलदैवत गावात, आणि भाऊबंद एकमेकांच्या वाटणीवर डोळा ठेवून शेजारीच बसलेले! भाऊबंदकीसारखा दक्ष दप्तरदार दुसरा नाही, असे आम्ही आजवर पाहिलेल्या कुलवृत्तान्तांवरून म्हणू शकतो. परंतु जे घराणे घाट चढून, तापी व नर्मदा ओलांडून, परमुलखाच्या सरहद्दीवर जाऊन राहिले, त्याची वंशावळ या शिडीत नीट बसत नाही. तेथे आडनाव बदलते, नावे पुनःपुन्हा तीच येतात, वंश दत्तकाने चालतो, आणि कर्ते पुरुष संपल्यावर घराचा भार स्त्रियांनी वाहिलेला असतो. अशा घराण्याचा वंश शोधावयाचा तर शोधण्याची रीतही थोडी बदलावी लागते.

आपल्या कऱ्हाडे समाजातील अशा घराण्यांपैकी झाशीच्या नेवाळकरांचे नाव सर्वांस ठाऊक आहे. महाराणी लक्ष्मीबाईंच्या पराक्रमाने ते घरोघर पोचले. त्याच्या कितीतरी आधी बुंदेलखंडात जाऊन पाय रोवणारे सागरचे खेर घराणे मात्र आपल्या स्मरणातून बरेच मागे पडले आहे. ज्यांस ते ठाऊक आहे त्यांसही बहुधा ‘गोविंदपंत बुंदेले’ एवढेच, आणि तेही पानिपतच्या प्रकरणात ठपका आलेला मामलेदार म्हणून! प्रस्तुत लेखात या घराण्याचा वंश आणि त्याची वसाहत या दोन्हींचा विचार आम्ही योजला आहे.

रत्नागिरीच्या उत्तरेस, गणपतीपुळ्याच्या वाटेवर नेवरे हे गाव आहे. तेथील कुलकर्ण खेरांकडे होते. कोकणातील कुलकर्ण म्हणजे मानाचे काम खरे, परंतु प्राप्ती बेताची. डोंगरउताराची वरकस जमीन, खाली भाताची खाचरे, थोडी नारळी-पोफळी, आणि एका पिढीत चार भाऊ झाले की चौघांच्या वाट्यास येणारी चतकोर भाकरी. अशा घरातील हुशार मुलास अक्षर आणि हिशेब एवढेच भांडवल मिळे. बाळाजी विश्वनाथांच्या हाती पेशवाई आल्यानंतर या भांडवलास घाटावर एकाएकी किंमत आली. फौजेबरोबर कारकून पाहिजे होते, जिंकलेल्या मुलखात वसूल करणारे पाहिजे होते. बल्लाळ खेरांचे पुत्र गोविंद हे याच ओघात बाजीराव पेशव्यांच्या पदरी लागले. त्यांच्या लहानपणाविषयी ज्या चमत्कारिक गोष्टी सांगतात, त्या मोठ्या झालेल्या प्रत्येक माणसाविषयी सांगतात. म्हणून आम्ही त्या येथे घेत नाही.

१७२९ साली महंमदखान बंगशाने वृद्ध छत्रसालास जैतपुरास कोंडले असता बाजीरावांनी त्याची सुटका केली, ही कथा शाळकरी मुलांसही येते. त्या उपकाराच्या पोटी छत्रसालाने आपल्या राज्याचा तिसरा हिस्सा पेशव्यांस दिला. १७३१ साली छत्रसाल निवर्तला आणि हा हिस्सा प्रत्यक्ष ताब्यात घेण्याचा प्रश्न आला. येथे एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. हा हिस्सा म्हणजे एका कुंपणातील सलग मुलूख नव्हे. सागर, झाशी, काल्पी, सिरोंज, हटा असे त्याचे तुकडे, आणि त्यांच्या मधून व भोवतालून छत्रसालाचे पुत्र हिरदेशहा व जगतराज यांचे प्रांत. दक्षिणेस गढा-मंडल्याचे गोंड राज्य, उत्तरेस यमुनेपलीकडे दुआब. गढीगढीतून बुंदेले ठाकूर बसलेले. ते आज सलाम करीत, उद्या तोफ डागीत. असा हा मुलूख सांभाळण्यासाठी पुण्याहून जे मामलेदार गेले, त्यांत गोविंदपंत प्रमुख होत.

नेवऱ्यापासून सागरपर्यंतचे अंतर सुमारे तीनशे कोसांचे. कोकणातील मनुष्यास या प्रांतात काहीच ओळखीचे नव्हते. भाताऐवजी गहू आणि ज्वारी, लाल जांभ्याऐवजी काळी जमीन, समुद्राऐवजी विंध्याचे रूक्ष पठार. त्या काळ्या जमिनीत कांस नावाचे गवत एकदा शिरले की त्याच्या मुळ्या खोल जातात, नांगर चालत नाही, आणि चांगली गावे ओसाड पडतात. शेतकरी पळाला की वसूल बुडाला. तेव्हा रयत टिकविणे आणि पळालेली रयत कौल देऊन परत आणणे, हे मामलेदाराचे पहिले काम असे. तलवारीचे काम त्यानंतरचे. बखरींतून तलवारीचाच खणखणाट अधिक ऐकू येतो, म्हणून हे सांगावे लागले.

सागर हे गोविंदपंतांनी शून्यातून उभे केले असे कधीकधी लिहिले जाते, ते बरोबर नाही. १६६० च्या सुमारास उदनशहा नावाच्या दांगी राजाने तेथे लहानशी गढी बांधली होती व तिच्या पायथ्याशी परकोटा नावाचे खेडे वसविले होते. विस्तीर्ण तलाव तर त्याहूनही जुना. लाखा बंजाऱ्याने तो खोदविला, पाणी लागेना तेव्हा पोटच्या मुलाचा व सुनेचा बळी दिला, अशी दंतकथा तेथील लोक सांगतात. आमच्या घराण्यांचा अभिमान आम्हांस आहेच. तथापि मूळपुरुषाने पाऊल ठेवण्यापूर्वी ती भूमी निर्मनुष्य होती, असा जो सूर पुष्कळ कुलवृत्तान्तांत लागतो, तो आम्हांस रुचत नाही. दांगी होते, गोंड होते, बुंदेले होते, बंजारे होते. खेर त्यांच्यानंतर आले.

खेरांनी केले ते असे. १७३५ नंतर सागर हे मराठी अमलाचे ठाणे झाले. गोविंदपंतांनी जुन्या गढीच्या जागी भक्कम किल्ला बांधला आणि त्याच्या आश्रयाने शहराची वाढ झाली. हाच किल्ला पुढे इंग्रजी अमलात पोलिसांच्या प्रशिक्षणासाठी उपयोगात आला. तलावाच्या काठी घाट, घाटाशी देवळे, देवळांमागे वाडे, असा मराठी वस्तीचा नेहमीचा क्रम तेथेही दिसतो. सागरात शनिचरी, शुक्रवारी, इतवारी अशी मोहल्ल्यांची नावे ऐकून पुण्याहून गेलेल्या मनुष्यास पेठांची आठवण होते व तो लगेच त्यावरून सिद्धान्त बांधतो. आमचे मत इतकेच की वाराच्या बाजारावरून वस्तीचे नाव पडणे हे हिंदुस्थानात सर्वत्र आहे, त्यास पुणेच कशाला पाहिजे? खरी खूण हवी असल्यास सागरहून रहलीस जावे. तेथे सुनार व देहार या नद्यांच्या संगमाशी पंढरीनाथाचे देऊळ आहे आणि त्या स्थानास लोक पंढरपूर म्हणतात. खेर घराण्यातील लक्ष्मीबाई नावाच्या राणीने ते बांधविले असे तेथे सांगतात. चंद्रभागा तीनशे कोसांवर राहिली, वारी घडेना, तेव्हा विठोबासच इकडे आणून बसविले! मराठी माणूस एखाद्या प्रांतात मुक्कामास आला आहे की राहावयास आला आहे हे ओळखण्याची याहून चांगली कसोटी आम्हांस ठाऊक नाही.

किल्ल्याभोवती माणसे कशी जमली तेही पाहण्यासारखे आहे. मामलेदारास एकट्याने चालत नसे. फडणीस, मजमदार, पोतनीस, ठाण्याठाण्यावर कारकून, देवळास पुजारी, घरास उपाध्याय, स्वयंपाकास आचारी, आणि या सर्वांच्या पोरांस अक्षर गिरविण्यास पंतोजी. ही माणसे विश्वासाची पाहिजेत, म्हणून ती नात्यागोत्यातून, मेहुण्यापाहुण्यांतून, गावातून बोलाविली जात. एक घर गेले की त्यामागून दहा घरे जात. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांच्या वंशावळीत ‘हा उत्तरेत गेला’ एवढीच नोंद होऊन शाखा खुंटलेली दिसते. ती शाखा बहुधा अशाच एखाद्या फडावर जाऊन रुजली असे समजावे. चांदोरकर हे आडनाव सागरच्या कारभारात पुढे येते, ते याच रीतीने. झाशीस १७४२ मध्ये नारो शंकरांनी शहर वाढविले, आणि पुढे १७७० च्या सुमारास रघुनाथ हरी नेवाळकर तेथे सुभेदार होऊन गेले. मूळचे कोकणातील, मध्यंतरी खानदेशात पारोळ्यास स्थिरावलेले हे घराणे बुंदेलखंडात आले तेव्हा सागरास खेरांची तिसरी पिढी उदयास येत होती.

आता वंशाकडे वळू. येथे शोधकाची पहिली अडचण आडनावाची. नेवऱ्याचे खेर बुंदेलखंडात राहून ‘बुंदेले’ झाले. तेथील प्रजा त्यांस ‘पंडित’ म्हणे, आणि इंग्रजी कागदांत ते ‘गोविंदराव पंडित’, ‘बाळाजी पंडित’ असे येतात. तेव्हा ज्याने इंग्रजी ग्याझेटियर चाळून खेरांचा शोध घेतला, त्यास खेर सापडणार नाहीत. पेशव्यांच्या दप्तरात पाहावे तर तेथे आडनावच नाही, नुसते ‘गोविंद बल्लाळ’. याउलट आडनाव एक म्हणून वंश एक, असेही घाईने म्हणू नये. मुंबई राज्याचे पहिले मुख्यमंत्री बाळासाहेब खेर हे रत्नागिरीस जन्मले व आपल्याच समाजातील. पण तेवढ्यावरून त्यांस कोणी सागरच्या झाडाच्या फांदीवर बसवू लागला, तर तो वंशशोध नव्हे.

दुसरी अडचण नावांची. आजोबांचे नाव नातवास ठेवावयाचे ही आपली चाल. गोविंद बल्लाळ म्हणजे बल्लाळाचा पुत्र गोविंद. त्यांचे पुत्र दोन, बाळाजी गोविंद व गंगाधर गोविंद. बाळाजीचे पुत्र रघुनाथराव ऊर्फ आबासाहेब. गंगाधराचे पुत्र पुन्हा गोविंदराव, त्यांस नाना म्हणत. या नानांचे पुत्र पुन्हा बाळा, म्हणजे बाळाराव. आणि बाळारावांच्या पश्चात जो दत्तक आला तो पुन्हा गोविंदराव! म्हणजे एका घराण्यात तीन गोविंद आणि दोन ‘बाळाजी गोविंद’. एका बाळाजीचा बाप पानिपतापूर्वी पडलेला, दुसऱ्याचा इंग्रजांशी तह केलेला. दोघांच्या मध्ये दोन पिढ्या. कोणी केवळ नावे जुळवून वंशवृक्ष शिवू लागला, तर पणजोबाच्या शेजारी पणतू बसण्यास वेळ लागणार नाही. यावर उपाय एकच, प्रत्येक नावाशी सन आणि ठिकाण लिहावयाचे. १७६० पूर्वीचा गोविंद तो सागरचा. १८०० नंतरचा तो जालौनचा नाना. १८३२ नंतरचा तो दत्तक.

आता पानिपतच्या ठपक्याविषयी. तो टाळून पुढे जाणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही, कारण कोणत्याही सभेत गोविंदपंतांचे नाव निघाले की कोणीतरी हा विषय काढतोच. इतिहासाचार्य राजवाडे यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पानिपतच्या मोहिमेच्या काळातील पत्रव्यवहार त्यात आहे, आणि त्यातील पुष्कळ पत्रे गोविंदपंतांशी संबंधित आहेत. राजवाड्यांनी आपल्या प्रस्तावनेत पंतांवर कठोर दोषारोप केला. त्यांच्या लेखणीचा दरारा असा की, पुढे दोन पिढ्या मराठी वाचकांनी तोच निकाल मानला. आपल्या समाजातील काही मंडळींनी तेव्हापासून हे नाव मोठ्याने घेणेच सोडले, तर काहींनी सर्व आरोप जातिद्वेषाचे म्हणून झटकून टाकले. आम्हांस दोन्ही मार्ग पसंत नाहीत.

प्रथम मामलत म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. पेशवाईत मामलेदाराने प्रांताचा वसूल होण्याआधीच सरकारात काही रक्कम भरावयाची असे. तिला रसद म्हणत. ही रक्कम मामलेदार सावकाराकडून व्याजाने उभी करी व पुढे वसुलातून फेडी. शिबंदीचा खर्च त्यातच. पीक बुडाले, ठाकूर उलटला, शत्रूची फौज मुलखातून गेली, तरी रसदेचा तगादा पुण्याहून चालूच. साहजिकच सरकारच्या हिशेबी मामलेदाराकडे सदैव बाकी, आणि मामलेदाराच्या हिशेबी सरकारकडे सदैव येणे. या पद्धतीत प्रामाणिक मनुष्यही लबाड दिसे आणि लबाडास प्रामाणिक दिसणे सोपे जाई. गोविंदपंतांनी काहीच गाठीस बांधले नाही असे आम्ही म्हणत नाही. तीस वर्षे एवढ्या प्रांताचा वसूल ज्याच्या हातून गेला त्याने सागरास किल्ला बांधला, मुलांस मामलती मिळवून दिल्या, तो काही वाऱ्यावर नव्हे. पुण्याच्या फडास संशय येण्यास जागा होती, हे मान्यच केले पाहिजे.

परंतु १७६० सालच्या मागण्या पाहाव्या. भाऊसाहेब दक्षिणेतून निघाले ते उत्तरेतील वसुलावर विसंबून. गोविंदपंतांकडे इटाव्याच्या बाजूचा दुआबातील मुलूख होता. त्यांनी पैसा पाठवावा, यमुना उतरण्यासाठी नावा जमवाव्या, सुजाउद्दौल्यास अब्दालीकडे जाऊ देऊ नये, आणि धान्यही पुरवावे, अशी आज्ञा एकापाठोपाठ एक सुटली. त्या वर्षी पावसाळ्यात यमुनेस पूर. दुआबात स्वतः अब्दाली तळ देऊन बसलेला, नजीबखान त्याच्या जोडीस. जुलैत सुजाउद्दौला त्यांस मिळाला. ज्या परगण्यांतून पैसा यावयाचा, तेथेच शत्रूची घोडी चरत होती, आणि मराठ्यांचा पाय मोडलेला पाहून ठाकूर-जमीनदारांनी हात आखडता घेतला. स्वतः भाऊसाहेबांस ऑगस्टात दिल्ली घेतल्यावर दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून फौजेचा खर्च भागवावा लागला, ही तंगी सर्वांस माहीत आहे. मग जो पैसा बादशहाच्या राजधानीत मिळाला नाही, तो उद्ध्वस्त दुआबात एका वृद्ध मामलेदाराने कोठून आणावा?

आणि अखेरचा भाग तर लक्षात ठेवण्यासारखाच आहे. नोव्हेंबरात दोन्ही सैन्ये पानिपतास समोरासमोर अडकून पडली. तेव्हा गोविंदपंतांनी यमुनेच्या पूर्वेकडून वर चढून अब्दालीची धान्याची वाट तोडावी असे ठरले. पंतांचे वय झालेले, देह स्थूल, हातातील फौज मुख्यतः वसुलाच्या कामाची शिबंदी. तरी ते निघाले, मेरठेच्या बाजूस गेले, आणि अब्दालीच्या छावणीत महागाई होईपर्यंत त्यांनी रसद अडविली. त्यांचा उपद्रव मोडण्यासाठी अब्दालीने अताईखानास पाठविले. डिसेंबर १७६० मध्ये गाझियाबादच्या परिसरात त्याने एकाएकी छापा घातला. त्यात गोविंदपंत पडले आणि शत्रूने त्यांचे शिर कापून नेले. पानिपतचा संग्राम १४ जानेवारी १७६१ रोजी झाला, म्हणजे त्यानंतर एक महिन्याच्या आत. रसदेची बाकी ठेवणारा मामलेदार या दृष्टीने ज्यांस त्यांचा हिशेब करावयाचा असेल त्यांनी अवश्य करावा, मात्र वजाबाकीच्या ओळीखाली हे शिरही मांडावे. रियासतकार सरदेसाई यांनी पेशवे दप्तरातील निवडक कागद ४५ खंडांत छापल्यानंतर हा सर्व व्यवहार ताडून पाहण्याची सोय झाली आहे. ज्ञातीतील तरुण अभ्यासकांनी राजवाड्यांची प्रस्तावना वाचून न थांबता ही पत्रे तारीखवार लावून पाहावी, असे आमचे त्यांस सांगणे आहे.

मूळपुरुष पडल्यावर व उत्तरेतील मराठी सत्ता कोलमडल्यावर हे घराणे बुंदेलखंडातून उखडले जाते तर नवल नव्हते. ते उखडले गेले नाही. बाळाजी गोविंद सागरास राहिले, गंगाधर गोविंद काल्पी-जालौनकडे. दोन भावांची दोन घरे झाली आणि बुंदेलखंडाच्या दोन टोकांस ती टिकून राहिली. १७७८ साली इंग्रजांची फौज कलकत्त्याहून निघून काल्पीपाशी यमुना उतरली व बुंदेलखंडातून पश्चिमेकडे जाऊ लागली, तेव्हा तिला अडविण्याचे काम याच पंडितांवर आले. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले. ते फार दिवस लाभले नाही. शतक संपण्याच्या सुमारास नर्मदेकाठचा तो मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १७९९ साली अमीरखान पेंढाऱ्याने सागर लुटले व जाळले. या सर्व धामधुमीत आबासाहेबांच्या दरबारी पद्माकरासारखा व्रजभाषेचा थोर कवी आश्रयास होता, ही गोष्टही नमूद केली पाहिजे. आजोबांनी विठोबा आणला, नातवाने व्रजभाषेतील कवित्त ऐकले. सरहद्दीवरील घराण्याची भाषा कोणत्या वाटेने पालटते ते यावरून दिसते. पुढे झाशीच्या मराठी घराण्यातील रघुनाथ विनायक धुळेकर यांनी १९४६ च्या डिसेंबरात घटना समितीत हिंदुस्थानीचा जो आवेशाने कैवार घेतला, तो ऐकून इकडील पुष्कळांस आश्चर्य वाटले होते. बुंदेलखंडातील मराठी वस्तीचा दोनशे वर्षांचा क्रम ज्यास ठाऊक आहे त्यास त्यात आश्चर्य वाटू नये.

१८०२ साली आबासाहेब निपुत्रिक वारले. नेहमीच्या वंशावळीत सागरची शाखा येथे खुंटते. नावाखाली एक रेघ, बस्स. प्रत्यक्षात सागरचे राज्य त्यानंतर सोळा वर्षे चालले. आबासाहेबांच्या दोन पत्नी, राधाबाई व रुक्माबाई, यांच्या नावे कारभार होता आणि विनायकराव चांदोरकर तो पाहत. जालौनच्या नाना गोविंदरावांचा सागरवर हक्काचा दावा, शिंद्यांच्या फौजांचा त्रास, पेंढाऱ्यांचा उच्छाद, हे सर्व या दोन विधवांच्या कारकिर्दीत झाले. १८१७ च्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने बुंदेलखंडातील आपले हक्क इंग्रजांस सोडले व १८१८ साली इंग्रजांनी सागर घेतले. रुक्माबाईंस व कारभाऱ्यांस नेमणुका बांधून दिल्या गेल्या. ज्यांनी गोविंदपंतांच्या तीस वर्षांचा गौरव करावयाचा, त्यांनी या सोळा वर्षांस वंशवृक्षात जागा देऊ नये हे आम्हांस न्यायाचे वाटत नाही.

जालौनची हकीकत याहून विचित्र. नाना गोविंदरावांनी १८०६ मध्ये इंग्रजांशी तह करून काल्पी त्यांस दिली, व १८१७ च्या तहाने राहिलेला मुलूख आपल्याकडे वंशपरंपरा करून घेतला. १८२२ मध्ये ते वारले. पुत्र बाळाराव १८३२ मध्ये निपुत्रिक वारले. त्यांच्या पत्नीचेही नाव लक्ष्मीबाई. तिने आपल्या सख्ख्या भावास दत्तक घेतले व इंग्रजांनी त्यास मान्यता दिली. आमच्या शास्त्रीमंडळींस हे ऐकून बोटे तोंडात घालावी लागतील. बहिणीच्या मांडीवर भाऊ पुत्र म्हणून कसा बसावा? परंतु त्या बाईची अडचण तरी पाहा. नवऱ्याचे भाऊबंद तीनशे कोसांवर कोकणात, जवळ असलेले राज्यावर टपलेले. विश्वासाचे असे माहेरचेच मनुष्य. वंशावळीच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, १८३२ नंतर जालौनच्या गादीवर खेरांचे नाव राहिले, पण रक्त खेरांचे राहिले नाही. हा दत्तक गोविंदरावही १८४० साली निपुत्रिक वारला आणि संस्थान खालसा झाले. डलहौसी हिंदुस्थानात येण्यास तेव्हा आठ वर्षे अवकाश होता. सातारा १८४८ चे, झाशी १८५४ चे. ती विद्या इंग्रजांस आधीच अवगत होती, डलहौसीने तिचे शास्त्र केले इतकेच.

आता कामाची गोष्ट. ज्या कुटुंबांच्या वंशावळीत ‘उत्तरेत गेला’ अशी खुंटलेली शाखा असेल, त्यांनी ती कोठे शोधावी? वतनाच्या कागदांत ती सापडणार नाही, कारण वतन इकडे राहिले. काशी, प्रयाग, त्र्यंबकेश्वर या क्षेत्रांतील तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्या. यात्रेकरू आला की त्याचे मूळ गाव, हल्ली मुक्काम, बापाचे-आजाचे नाव, बरोबर आलेली मंडळी अशी नोंद तेथे होते. बुंदेलखंडातील मराठी मंडळींस प्रयाग व काशी जवळची, त्यामुळे त्यांचे जाणे वारंवार. दुसरे साधन लग्नसंबंधांचे. सागर-झाशी-जालौनकडील घरांत मुली बहुधा दक्षिणेतून केलेल्या असत, आणि सुनेच्या माहेरच्या घरी तिची आठवण, तिची पत्रे, एखादा दागिना राहिलेला असतो. म्हणजे जी शाखा पुरुषांच्या नावांनी सापडत नाही, ती मुलींच्या नावांनी सापडते. यासाठी या अंकात ज्या वंशावळी छापावयास येतात, त्यांत स्त्रियांची माहेरची व सासरची नावे, आणि मुली कोणत्या घरी दिल्या ते, संपादकमंडळाने आवर्जून मागवावे अशी आमची सूचना आहे. जागा अपुरी पडते ही सबब आम्ही ऐकली आहे. जाहिरातींस जागा पुरते.

खेरांच्या झाडावर अशी एक फांदी आहे, ती केवळ पुत्रांच्या यादीत कधीच दिसावयाची नाही. जालौन घराण्यातील कन्यावंशाच्या ताईबाई या १८५७ साली हयात होत्या. संस्थान खालसा होऊन सतरा वर्षे लोटली होती. त्या धामधुमीत त्यांच्या लहान मुलास जालौनच्या गादीवर बसविण्यात आले, त्याच्या नावाने ताईबाईंनी कारभार हाती घेतला, आणि काल्पीकडे जमणाऱ्या तात्या टोप्यांच्या पक्षास त्यांनी साहाय्य केले. मे १८५८ मध्ये काल्पी पडली, ताईबाईंस शरण जावे लागले, आणि इंग्रजांनी त्यांस बुंदेलखंडातून काढून बिहारात मुंगेरास नेऊन ठेविले. नेवऱ्याच्या कुलकर्ण्यांच्या वंशावळीत त्यांचे नाव, त्यांच्या मुलाचे नाव आणि मुंगेर हे ठिकाण, या तीन नोंदी घालावयाच्या राहिल्या आहेत.